मूस तार कापत नाही

—नाही, कुणी म्हणजे कुणीच विश्वास ठेवला नाही माझ्यावर, आणि आता तुम्ही राजधानीतून एवढ्या लांब चौकशीला येऊन मला विचारताय की आधी कुणाला बोलला होतात का! बोलले होते की. भर बैठकीत उभी राहून बोलले होते. बसा हो, बूट राहू द्या, लादी मला पुसायचीच आहे. चहा घ्या. आणि तो बन खा, काकवीचा आहे, सकाळचाच. तर मी काय म्हणाले — मूस तार कापत नाही. मूस कुंपण वाकवेल, अंगाने रेटून आडवं करेल, हरणाच्या जातीचं पण घोड्यापेक्षा उंच जनावर ते, मनात आणलं तर विमानतळावरचं माझं कॉफीचं दुकान शिंगांवर घेऊन जाईल — पण तार कापणार नाही. का? तर त्याला हात नाहीत आणि हातात पक्कड नाही! कापलेली तार टोकाला कशी चकचकीत असते, ते काय मला कॉलेजात जाऊन शिकायचं होतं? पाचवीत शाळा सुटली माझी, आईबरोबर मासे खारवायला उभी राहिले, पण डोळे नाही सुटले. आणि वॉलेस काय म्हणाला ठाऊक आहे? वॉलेस म्हणजे आमचा मॅनेजर हो, विमानतळाचा, आणि सुरक्षेचं कामही त्याच्याच गळ्यात बांधलेलं — तो म्हणाला, "व्हर्ना, बन काय झालेत आज!" सगळे हसले. झालं. उडाला माझा धोका.

धोक्यांची बैठक म्हणतो आम्ही तिला. तुमच्याच लोकांनी सुरू करायला लावली ना ती? महिन्याला एकदा सगळ्यांनी बसायचं, बर्फ ढकलणाऱ्यापासून कॉफीवालीपर्यंत, आणि कुठे काय वाईट घडू शकतं ते सांगायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाला शिक्षा नाही, फक्त सांगा. कल्पना चांगली आहे — मी चांगल्याला चांगलं म्हणणारी बाई आहे. पण पुढे वरून आलं की दर महिन्याला प्रत्येकाने काहीतरी सांगितलंच पाहिजे, जास्त धोके सांगणारा विमानतळ हुशार! मग काय, लागले सगळे धोके जुळवायला. कुणी म्हणे पायरी निसरडी आहे. अहो, फेब्रुवारी आहे, निसरडीच असणार. बर्फ ढकलणाऱ्या ह्युबर्टने तर सांगितलं, व्हर्नाची कॉफी फार गरम असते. हसू नका! लिहून घेतलं वॉलेसने ते, आणि आठवड्याच्या आत माझ्या दुकानावर पाटी लागली, 'सावधान, गरम'. कॉफीवर! आणि कुंपणासाठी काय आलं? लांडगा आला. खरा नाही हो — खांबावर एक डबा बसवलाय, दिवेलागणीला लांडग्यासारखा रडतो, मूस घाबरून पळावेत म्हणून. या बेटावरचा शेवटचा लांडगा माझ्या आजीच्या काळात मेला. इथल्या मूसच्या सात पिढ्यांनी लांडगा पाहिलेला नाही. त्या डब्याखाली उभे राहून पाला खातात मेले! पळतं कोण, तर मी, पहिल्या दिवशी कचरा टाकायला गेले तेव्हा.

आता तुम्ही विचाराल — विचारत नाही, पण चेहऱ्यावर दिसतंय — की मूस नाही तर कोण. सगळं गाव, आणखी कोण! कुंपणापलीकडे तळं आहे. गोठलं की लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा, आणि कुंपणाच्या भोकातून बर्फगाडी, बर्फावर पळणारी स्कूटरच ती, घातली, धावपट्टीचं शेपूट ओलांडलं, की पोचलात. जाताना थर्मास, येताना मासे. पाद्री जातो. ह्युबर्ट जातो. सगळ्यांना माहीत, आणि बैठकीत मात्र सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. नाव घ्यायचं नाही हा तुमचा नियम — पण गावाने त्याचं काय केलं बघा. माणसाचं नाव नको ना, मग मूसचं घ्या! मूस काय, त्याला चर्चमध्ये शेजारी बसायचं नसतं, त्याची बायको दुकानात तोंड फिरवत नाही. म्हणून कुंपण फाटलं की मूस. पट्टीवर माग दिसले की मूस. वॉलेस बैठकीत धोके मांडतो त्या फळ्यावर बाण काढून काढून मूस वाढत गेले, आणि तुमच्या ऑफिसातून पत्र आलं की मूसवर चांगलं काम चाललंय, शाबास.

—आमचे हे? हो. कुंपण हेच बघतात. धावपट्टीसुद्धा, विमान उतरायच्या आधी गाडीने फेरी मारून मोकळी आहे म्हणून सांगायचं, ते यांचंच काम. त्या बैठकीत वॉलेसने यांनाच विचारलं ना, "तू रोज सकाळी तार जोडतोस, तूच सांग बाबा, मूस की माणूस?" यांनी टोपी काढली, टोपीत बघितलं, जसं काही उत्तर आत लिहिलंय, आणि म्हणाले, "मूसच." मग वॉलेस माझ्याकडे वळला — "व्हर्ना, घरचं भांडण घरी." पुन्हा हसले सगळे. हेही हसले. बघा, मी काय बोलले होते? कुंपणाबद्दल बोलले होते. आणि झालं काय? नवराबायकोचं भांडण. बाई बोलली की ती नवऱ्यावर चिडून बोलते, दुसरं तिला काही दिसतच नसतं!

आणि मग परवाचं ते. आजाऱ्यांना न्यायचं छोटं विमान उतरत होतं, दिवस बुडायला आलेला, वाऱ्याने बर्फाची भुकटी उडत होती. चाकं टेकली आणि समोर काहीतरी काळं आडवं गेलं. पायलटने विमान बाजूला ओढलं म्हणून वाचले सगळे, पण नाक गेलं बर्फाच्या ढिगात आणि आतली नर्स, ती ग्वेनी, तिचा खुबा मोडला. लहान मुलं आहेत तिला. चालेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. पायलट म्हणतो काहीतरी काळं, ओळखू आलं नाही. वाऱ्याने माग पुसले. आणि वॉलेसने विमानातून माणसं पुरती उतरायच्या आत ठरवलं — मूस.

बरं, मूस तर मूस. मग ही वरची पोरगी कशाला रडतेय? ऐकू येतंय ना? ओक्साना. आमच्याकडे भाड्याने राहते. प्रेअरीतली आहे, सपाट मुलखातली, समुद्र पहिल्यांदा इथे आल्यावर पाहिला तिने. रेडिओवर बसते, विमानांना वारा सांगते, पट्टी सांगते. तिने पायलटला सांगितलं पट्टी मोकळी आहे. आता सगळे विचारतात, न बघता कशी सांगितलीस? न विचारता कशी सांगितलीस? अहो, विचारलं तिने! यांचा हातातला रेडिओ उत्तर देईना, तो कपाटात चार्जिंगला पडलेला, म्हणून स्वतःच्या फोनवरून यांना विचारलं. हे म्हणाले, "मोकळी आहे पोरी, आत्ताच फेरी मारली." आणि आता हे काय म्हणतात? म्हणतात, फोन आला होता खरा, पण तिने विचारलं रात्रीच्या जेवणाला काय आहे! जेवणाला! या माणसाला! या घरात काय शिजतं ते ताटात पडल्याशिवाय ज्याला कळत नाही, त्याला फोन करून ती विचारणार मेनू? पण गावाने मान हलवली. का नाही हलवणार? हे गावाचे, ती बाहेरची.

नाही, थांबा, ते वाक्य बोलू नका. मघापासून दोनदा बोललात. 'आम्ही दोष कुणाचा ते ठरवत नाही, व्यवस्था कुठे कमी पडली ते बघतो.' चांगलं आहे. मग व्यवस्थेला बोलवा इथे, मी तिला चहा देते. ग्वेनीचा खुबा व्यवस्थेने मोडला का? तुम्ही दोष देत नाही, वॉलेस दोष देत नाही, पाद्री तर देवाच्या कृपेने कधीच देत नाही — आणि दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोलच्या रांगेत एकच नाव चाललंय, ओक्साना, ओक्साना. तिला पगारी रजा दिलीय, आराम कर म्हणून. आराम!

आणि काल वॉलेस आला होता, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत. गोड आवाजात काय म्हणतो, "पोरी, स्वतःहून लिहून दे की विचारायला विसरले. जो स्वतःहून चूक सांगतो त्याला शिक्षा नाही, हाच तर आपला नियम. लिहिलंस की विषय मिटला." कळलं तुम्हाला काय केलं त्याने? तुमच्या चांगल्या नियमाचा गळ केला आणि पोरीपुढे टाकला! चूक केली त्याने सांगावं म्हणून केलेला नियम, आणि तो न केलेली चूक कबूल करायला सांगतोय. कागद वर तिच्यापुढे आहे. चारच्या बोटीने ती मुख्य भूमीवर परत जाणार, जाताना सही करून जाणार. चोविशीची पोर, थकलीय, सही करेल. मग आयुष्यभर जिथे जाईल तिथे, ही ती, जिने न विचारता विमान उतरवलं. शिक्षा नाही म्हणे!

म्हणून मी तुम्हाला मघापासून एकच सांगतेय, ते काळं काही मूस नव्हतं. डोकं चालवा ना. मूस कसा पळतो? पाय उचलून, कुबड्यांवर चालल्यासारखा. पायलट म्हणतो, सरळ रेषेत सुर्रकन गेलं. आणि ते तरी दिसणार कसं बिचाऱ्याला, पुढचा दिवा नाताळापासून गेलेला, नवीन आणतो आणतो म्हणून—

काय?

कसला दिवा? दिवा म्हणाले मी? धावपट्टीचा म्हणाले असेन. लोक काहीबाही बोलतात, कानावर येतं. लिहू नका ते. पेन खाली ठेवा, म्हणते ना. चहा गार झाला, बदलून देते.

...असे बघू नका माझ्याकडे. तुमची गुन्हेगार नाही मी.

तुम्हाला वाटतं सोपं आहे? हे घर यांचं, हे गाव माझं. मला इथेच राहायचंय, तुम्ही बोटीत बसाल. मी ठरवलं होतं, इतकंच सांगायचं की मूस नाही, माणूस. कोण ते तुम्ही शोधा, शिकलेले आहात. नाव घ्यायचं नाही हा तुमचाच नियम, मला तो बरा पडला, पुरे आता. पण तुम्ही शोधत नाही! तुम्ही फळ्याचे फोटो काढता! आणि परवा संध्याकाळी माझा माणूस घराच्या मागच्या दाराने येतो, खांदा धरून, ओठ पांढरे, म्हणतो पायरीवरून घसरलो. मी पायऱ्यांवर सकाळीच मीठ टाकलेलं होतं. मी विचारलं, रेडिओ कुठेय? म्हणाला, कपाटात. मी विचारलं, मग कुठून बोललास पोरीशी? टोपीत बघतो. त्याच्या कोटाला माशांचा वास, आणि वर ती रडतेय, आणि हा खाली बसून माझ्या हातचं सूप पितो, वर म्हणतो, "बिचारी पोर, घरी जाईल तर बरं." बिचारी पोर! तळ्यावर गळ टाकून बसलेला होता ध्यान, तिथूनच सांगितलं मोकळी आहे, आणि विमानाचा आवाज आल्यावर बर्फगाडी हाणली परत, कुणी कामावर नाही म्हणू नये म्हणून! मध्ये काय आहे ते विसरला! जी पट्टी राखायचा पगार घेतो ती!

रागावले तेव्हा काय म्हणाला मला, ऐका. म्हणाला, "व्हर्ना, कुणाला शिक्षा होणार नाहीये गं, कशाला पेटतेस?"

ओक्साना! ए पोरी! ऐकतेस का? तो कागद फाड. फाड म्हणते ना! सही केलीस तर माझ्या दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही, बोट गेली खड्ड्यात! आणि खाली ये, बन संपायच्या आत.

तुम्ही उठा आता. पुरे झाला चहा. मागच्या शेडमध्ये ताडपत्री आहे, ती काढा. खाली बर्फगाडी आहे, काच फुटलेली, दिवा गेलेला. तिच्याशेजारी स्टुलावर तुम्हाला तो भेटेल, ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचं नाटक करत. तुम्ही दोष कुणाला देऊ नका, तुमचा नियम आहे, सांभाळा. मी कुठल्या नियमात बसत नाही. आणि माझं नाव टाका खाली, व्हर्ना सांगते म्हणून टाका, घरचं भांडण म्हणाले तर म्हणू देत. लिहा. कुंपण कापणारा, पट्टी मोकळी म्हणणारा, पोरीला बुडवणारा. लिहिताय ना? हेवर्ड. आडनाव माझंच. हेवर्ड बजेल.