भगवानरावांची नोंद

जळगाव जामोदला पूरमदतीच्या रांगेत माझ्यापुढे शालूबाई होत्या. टेबलामागे संस्थेची अश्विनी मोबाईल घेऊन बसलेली.

"मावशी, तुमच्या घरची नोंद भगवानरावांच्या नावानं हाये. ते कुठी हायेत?"

"आमचे मालक पुरात गेले. घरचं सगळं त्याईच्याच नावानं राह्यते, म्हून गेल्या खेपेले मी तेच नाव सांगतलं."

"मंग आता तुमच्या नावानं नवी नोंद करू. जुनीबी राहीन. आमची वही मोबाईलातल्या ब्लॉकचेनवर हाये, तिथं लिहिलेलं पुसता येत नाही."

"तहसीलदारालेबी नाही येत?"

"कोणालेच नाही. आन् पाहाले सगळ्याईले दिसते."

"सुरतेत माह्या छकुलीलेबी?"

"हाव, मोबाईलवर."

"रेशनकार्डातून तं त्याईचं नाव कमी केलं, बाई. इथलं नाव मोठ्यानं वाच बरं एक खेप."