नवसू मिस्त्रीचा हात साफ होता

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. घरात कुणी जुन्या जीपचा विषय काढला की मी उठून गोठ्याकडे जायचो. आता गुडघे गेले, उठून जाणं होत नाही, म्हणून सांगतो. लिहून घ्या, पण सगळं लिहा, माझं वाईट गाळू नका.

मी मोखाड्याकडचा, डोंगरातल्या पाड्यावरचा. बाप भात-नागली करायचा. मी ठाण्याला ट्रकवर क्लीनर राहिलो, तिथं गाडी शिकलो, हिंदी शिकलो, शिव्याही तिथल्याच, आणि परत येऊन जुनी जीप घेतली. मोखाडा ते जव्हार, सीटा भरायच्या, मागं दहा-बारा माणसं, टपावर कोंबड्यांच्या टोपल्या. लोक ड्रायव्हरदादा म्हणायचे, आणि काय सांगू तुम्हाला, त्या शब्दाचा मला फार माज होता.

एका पावसाळ्यात गियर जड झाला. पहिला टाकायला गेलं की कर्र आवाज, रिव्हर्सला तर दोन हात लावायचे. चढावर गाडी थांबली की पहिला पडेचना, गाडी मागं सरकायची, मग ओरडायचं, उतरा रे, दगड लावा. बाया पोरं कडेवर घेऊन चिखलात उड्या टाकायच्या. एक म्हातारी रोज म्हणायची, दादा, बैल जुंप याला, बैल हाक मारली तर ऐकतो तरी. सगळे हसायचे. माझा खांदा दुखायचा आणि डोकं त्याहून जास्त.

मोखाड्याच्या स्टँडमागं नवसूची पत्र्याची शेड होती. वांगणीचा माणूस, बोलणं कमी, हात चालू. दुसरा मिस्त्री जवळ नव्हताच. मी गाडी नेली. पावसाचे दिवस, खाली चिखल, म्हणून पायाखालचं गोणपाट काढून त्याला गाडीखाली झोपायला अंथरून दिलं. आमच्याकडे रीतच ती, मिस्त्रीला ओल्यात झोपवायचं नाही. त्यानं ऑइल बदललं, क्लच कसला, मला म्हणाला, टाका दादा. टाकला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. मी खूश. गोणपाट झटकलं, घडी केली, पुन्हा पायाखाली टाकलं आणि निघालो, तर पहिल्याच चढावर कर्र.

असं तीन वेळा झालं. त्याच्याकडे बरोबर, रस्त्यावर जड. तिसऱ्या वेळी नवसूनं पूर्ण गियरबॉक्स उतरवला, दोन दिवस बसला, पुन्हा चढवला. मी चौथ्यांदा गेलो तेव्हा तो थकून म्हणाला, ड्रायव्हरदादा, गाडीत खोट नाही, क्लचवर तुमचा पाय पुरा दाबत नाही. त्यानं ते हळूच म्हटलं होतं. पण टपरीवरच्या माणसांनी ऐकलं, एक जण म्हणाला, अरे, दादाला आता पाय शिकवा. हशा झाला. मला, ठाण्यात ट्रक चालवून आलेल्याला, पाय शिकवणार?

मग बाजाराच्या दिवशी भर स्टँडवर, सगळे जीपवाले उभे असताना, मी ओरडलो, या नवसूनं माझा गियरबॉक्स खाल्ला, चांगले दाते काढून भंगारातले घातले, गाड्या देऊ नका याला. नवसू हातातला पाना पुसत उभा राहिला. एवढंच म्हणाला, दादा, असं नका बोलू, माझं पोट यावर आहे. मी आणखी बोललो. माझा शब्द चालायचा तेव्हा. गाड्या दुरुस्तीला जव्हारला जायला लागल्या, आणि दिवाळीच्या आत त्याची शेड बंद झाली. नवसू बायकोला घेऊन भिवंडीकडे मजुरीला गेला.

नागली काढायचे दिवस आले. बायको म्हणाली, ते गाडीतलं गोणपाट द्या, धुऊन नागली भरते. दिलं. सकाळी सीटा भरून निघालो, क्लच दाबला आणि पाय खाली गेला, आणखी खाली गेला, थेट पत्र्यापर्यंत, आणि गियर बोटानं पडला. तेव्हा कळलं. पत्रा सडलेला, खालून पाणी उडायचं म्हणून मीच पावसाच्या तोंडावर ते गोणपाट दुहेरी घडी करून पेडलखाली घातलं होतं. क्लचचं पेडल पुरतं खाली जातच नव्हतं, मग गियर पडणार कसा. नवसूकडे तेच काढून मी त्याच्या पाठीखाली घालत होतो.

ती म्हातारी मागून म्हणाली, आज बैल ऐकतोय रे, कुठल्या मिस्त्रीनं केलं? मी म्हणालो, जव्हारच्या. हे दुसरं पाप.

पुष्कळ वर्षांनी वांगणीला एका लग्नाला गेलो, तेव्हा कळलं, नवसू कायमचा घरी परतलाय, छाती धरलीय त्याची. मनाशी वाक्य जुळवत त्याच्या पडवीत गेलो. त्यानं ओळखलं, या दादा म्हणाला, आणि भिंतीला टेकवलेलं गोणपाट घेऊन माझ्यासाठी अंथरलं. मी त्यावर बसलो. कोरा चहा प्यालो. त्यानंच विचारलं, गियर जड जायचा तुमचा, पुढं झाला का नीट? म्हणालो, विकली जीप. तो म्हणाला, बरं केलंत. मग पावसाचं बोललो, भाताचं बोललो, आणि मी उठलो.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. त्याच्या पोरांना हे वाचून दाखवा. देव त्यांचं भलं करो. तुमच्या बापाचा हात साफ होता म्हणावं. त्या पडवीत मला एवढंच म्हणायचं होतं, नवसू, तू खरं सांगत होतास, माझा पाय पुरा दाबत नव्हता, मला माफ कर.