त्र्यंबकचा ठिपका

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या प्राचार्या सरोजिनी मॅडम, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, सहकारी, विद्यार्थी, दिंडोरीहून मुद्दाम आलेले शेखरभाऊ, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या त्यांच्या भगिनी, आमच्या प्रयोगशाळा परिचर लंकाबाई,

विभागप्रमुख म्हणून मला दहा मिनिटं मिळाली आहेत. प्राणिशास्त्रवाल्याला ती कमीच पडतात, पण भूक मलाही लागली आहे.

लंकाबाईंनी एकतीस वर्षं आमच्याकडे नागअळीच्या माश्या सांभाळल्या. विश्वस्तांसाठी थोडं सांगतो. टोमॅटोच्या, शेवंतीच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसते ना, ती या अळीची वाट. मादी पानाला टोचे मारून रस पिते, त्यातल्याच काहींत अंडी घालते. नराला टोचता येत नाही. तो मादीनं केलेल्या टोच्यांवरच पोट भरतो. हसू नका, आमच्या विभागातही तेच चाललं होतं. अळी पानाच्या आतून पोखरत जाते, आठवड्याभरात बाहेर पडते आणि बहुधा मातीत कोष करते. तेव्हा ही माशी एखाद्या गावात राहते असं म्हणायचं, तर उभ्या झाडावर रेघ हवी, खालच्या मातीत कोष हवा.

नऊ वर्षांपूर्वी मी सहकुटुंब त्र्यंबकेश्वरला गेलो. देवळाबाहेर एका फुलवाल्याकडच्या शेवंतीच्या जुडीवर रेघाच रेघा दिसल्या. दर्शन राहिलं बाजूला, मी जुडी घेऊन आलो. माश्या निघाल्या, जात ओळखली, चिठ्ठीवर लिहिलं, त्र्यंबकेश्वर. लंकाबाई म्हणाल्या, "सर, जुडीची ही सुतळी आमच्या शेखरच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेतली दिसती. वेली बांधून उरली की तो फुलं बांधतो. त्र्यंबकला कुठं हायेत द्राक्षं?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "लंकाबाई, तुम्ही बाटल्या धुवा."

शोधनिबंध छापून आला. ही माशी कुठंकुठं आढळते त्या नकाशावर त्र्यंबकला ठिपका पडला.

त्या ठिपक्यावर विसंबून आमची विद्यार्थिनी इरा दोन हंगाम त्र्यंबकची शेतं तुडवत होती. पानं कोरी, मातीत कोष नाही. आपलंच चुकतंय, असं वाटून पोरगी प्रबंध सोडायला निघाली. तेव्हा लंकाबाईंनी कपाटातून नमुन्याची जुनी डबी काढली. आत ती सुतळी होती. "नमुन्यासंगं आलेलं काही फेकायचं नाय, हे सरांनीच शिकवलं," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्याविरुद्ध एक अक्षर नाही.

इरानं डबी माझ्या टेबलावर आणून ठेवली. शेखरभाऊंना फोन लावला, तर म्हणाले, "माझीच सुतळी. फुलं आजही दिंडोरीहून त्र्यंबकला जातात." मला खूप लाज वाटली. काल मी नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली. ठिपका काढा म्हटलं, आणि चूक कोणी दाखवली तेही लिहिलं: लंकाबाई पुंजा गांगुर्डे. इराचा प्रबंध आता त्याच कोऱ्या पानांवर उभा राहतोय.

भाषण संपवताना श्रोत्यांची माफी मागायची रीत आहे. मंडळी, तुमचे आभार मानतो. लांबलेलं भाषण तुम्ही सोसून घ्याल. माफी मला लंकाबाईंची मागायची आहे. बाई, तेव्हा तुमचं ऐकलं नाही, वर तसं बोललो. मला क्षमा करा.

आज सकाळी प्रयोगशाळेतल्या बाटल्या मी धुतल्या आहेत. नीट निघाल्यात असं वाटत नाही. जायच्या आधी एकदा बघून घ्या, आणि या वेळी तुम्ही सांगाल ते मी ऐकेन.