घरातून एक नाव काढताना

तुम्ही आमच्या कम्प्युटरवाल्या प्रवीणच्या फॉर्मची लय तारीफ करून राह्यले ना, मंग बाभुळगावच्या आरोग्य शिबिरातलं ऐका.

तिथला फॉर्म प्रवीणनंच बनवलता. घरातल्या दर माणसाची एक चौकट, तिच्यात नाव, वय, शिक्षण. माणूस कमी करायचा असला तर चौकटीच्या बाजूले 'काढा' बटण. मी लॅपटॉप घेऊन बसलतो, प्रवीण मागं उभा. एक बाई आली अन् म्हणाली, "दादा, मालक वारले आमचे. त्यायचं नाव काढून टाका."

जुन्या नोंदीत तीन चौकटी होत्या. मालक, बाई अन् पोरगी. मी मालकाच्या चौकटीचं बटण दाबलं, तर मालक तसाच राह्यला अन् शेवटची पोरगी गायब.

"हे काहून रे?" मी प्रवीणले विचारलं.

"फॉर्ममागं तयार कोडची लायब्ररी हाय, ते माणूस नाही पाहत, नंबर पाहते," तो हळूच म्हणाला. "एक कमी झाला की शेवटची चौकट उडवते. दर चौकटीले तिची स्वतःची ओळख द्या लागते, ते राह्यलं."

बाई वाकून स्क्रीन पाहत होती. प्रवीणनं तिथंच बसून कोड सुधरवला. जुनी नोंद परत उघडून मी बटण दाबलं. मालक गेला, पोरगी राह्यली: पूजा, तेरा वर्षं, सातवी. मी खुशीत स्क्रीन बाईकडे फिरवली. "पाहा ताई, आली तुमची पोरगी."

"सातवी पुसा, दादा," बाई म्हणाली. "हे गेले अन् शाळेतून नाव मीनं पोरीचं काढलं. आता कापूस वेचाले येते माह्यासंगं. मालकाले काढाले गेले अन् पोरगी उडाली, तुमच्या मशीननं पह्यले दाखवलं, तेच बरोबर होतं."