पावडरभाऊला कोणी डांबले नव्हते

वस्तीत मला सगळे शिलाईमावशी म्हणतात. वय बावन्न वर्षे, धंदा कपडे शिवणे, राहणार सार्वजनिक नळामागची दुसरी खोली. घरात मी, माझ्या सासूबाई व धाकटी जाऊ अशा तिघी असतो. दीर ट्रकवर असतो. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून खरे ते सांगते की,

गेल्या आठवड्यात धुण्याच्या पावडरीच्या कंपनीचे मोठे साहेब गाडी घेऊन वस्तीत आले. सोबत एक तरुण इसम होता. मोठे साहेब म्हणाले, "आमची पावडर तुमच्याकडे खपत नाही. का खपत नाही ते कळायला हा आमचा माणूस आठवडाभर तुमच्यात राहील. गरीब ग्राहकाशी नातं जोडायचं, असं कंपनीचं धोरण आहे."

मी म्हटले, "जोडा की. पण पंखा एकच आहे, आणि तो सासूबाईंकडे तोंड करून असतो."

सदर इसमाची पथारी शिलाई मशीनजवळ टाकली. त्याचे पाय मशीनखाली जात. वस्तीने त्याचे नाव पावडरभाऊ ठेवले.

पहिल्या दिवशी तो नळावर बसून मोबाइलमध्ये बघून प्रश्न विचारत होता. त्याने सासूबाईंना विचारले, "आजी, कपडे धुताना तुमच्या मनात कोणती भावना येते?" सासूबाईंना कमी ऐकू येते. त्या म्हणाल्या, "भावना? ती समोर राहायची. लग्न होऊन गेली." पावडरभाऊने ते लिहून घेतले. मग जाऊबाईला विचारले, "साबण जर माणूस असता, तर कसा असता?" जाऊबाई म्हणाली, "आमच्या ह्यांच्यासारखा. हवा तेव्हा हाताला लागत नाही, आणि लागलाच तर निसटतो." हेही त्याने लिहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने अनुभवासाठी एक शर्ट धुवायला मागितला. जाऊबाईने बादली पुढे केली. कॉलर काळी राहिली म्हणून सासूबाईंनी तो शर्ट त्याच्याकडून पुन्हा धुऊन घेतला. मग पुन्हा. त्याला कोणी मारहाण केली नाही. सासूबाई फक्त "हं" म्हणत होत्या.

पुढे त्याचा हात बसला. बायका आपापली बोचकी आणू लागल्या. तो कोणालाच नाही म्हणाला नाही. "आणा ताई, अभ्यासच आहे," असे त्याचे शब्द होते. त्या दिवसांत मी नळावर नुसती बसले. समोर एक झाड आहे, ते मला तेव्हा दिसले.

कंपनीची पावडरही त्याने वापरून पाहिली. आमचे पाणी खारट असल्याने तिचा फेस न होता चिखल होतो. त्याने तसे मोठ्या साहेबांना माझ्यासमोर फोनवर कळवले. ते म्हणाले, "मग जाहिरात वाढवू."

आज सकाळी गाडी त्याला न्यायला आली. त्यावेळी तो व जाऊबाई एका चादरीची दोन टोके धरून पिळत होते. तो म्हणाला, "साहेब, थोडं थांबा, पांढरे कपडे धुवायचे राहिलेत." मोठे साहेब म्हणाले, "नातं जोडायला सांगितलं होतं, धुणं नाही!" आणि त्यांनी त्याचा दंड धरून त्याला ओढले. त्याने चादर सोडली नाही. जाऊबाईनेही सोडली नाही, कारण खाली चिखल होता व चादर नवी होती. मोठ्या साहेबांचा पाय साबणावर पडला व ते निळीच्या टबात बसले. तक्रारीत ज्याला दोरखंड म्हटले आहे, ती आमची चादर होय.

ते पडल्यावर बायका हसल्या, हे खरे आहे. मीही हसले. टबातूनच त्यांनी पोलिसांना फोन केला की आमच्या माणसाला डांबून ठेवले आहे.

हवालदारांनी पावडरभाऊला विचारले, "तुला कोणी कोंडलं होतं का रे?" तो म्हणाला, "नाही साहेब, मीच निघत नव्हतो. ऑफिसात वर्षानुवर्षं तक्ते करतोय. त्यातला एकही कधी दोरीवर वाळताना दिसला नाही."

मोठ्या साहेबांचे कपडे निळे झाल्याने मी ट्रंकेतून माझ्या यजमानांचा शर्ट व पँट काढून दिली. सहा वर्षांत ती कोणी घातली नव्हती. शर्ट पोटावर बसेना म्हणून दोन गुंड्या पुढे सरकवून शिवल्या. ते आता त्याच कपड्यांत ठाण्यातल्या बाकावर बसले आहेत. त्यांनी तक्रार मागे घेतली आहे. जाऊबाईने त्यांना विचारले, "तुमचे कपडे धुऊन देऊ का?" ते म्हणाले, "पावडरीने नको."

पावडरभाऊ कंपनीच्या गाडीत बसून गेला. नळावरचे पांढरे कपडे तसेच राहिले आहेत. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. यजमानांचा शर्ट परत मिळावा. घाई नाही.

हवालदारांनी वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला असता त्या म्हणाल्या, की सगळे बरोबर आहे, पण पोरगा उपाशी गेला असे वाटते. म्हणून मी सांगते, तो जेवून गेला, हे लिहा. तो जेवून गेला.