टाकी कमी ढवळली

बायको गेल्यापासून दवाखान्यात एकटाच जातो. आज शेजारच्या बाकावर दारूच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आणि तिचा नवरा बोलत होते.

"सांडपाण्याच्या टाकीतलं ढवळणं तू कमी केलंस. आता त्यातून मिळणारा जळणाचा गॅस घटला तर तुझी बदली बाटल्या धुवायला!" नवरा म्हणाला.

"घटणार नाही. ढवळलंच नाही तर गाळ बसतो, पण सारखं ढवळलं तर गॅस करणारे जिवाणू विस्कटतात. अहो, दही लागताना पातेलं हलवतं का कोणी?"

"पण साहेबांना पटेल?"

"त्यांनी आजपर्यंत मुदत दिलीय."

तिचा फोन वाजला.

"हो... वाढला ना गॅस? सांगितलं होतं मी!"

"मलाही वाटलंच होतं."

"तुम्हाला? मग सकाळपासून नखं कोण खात होतं?"

नर्सने मला विचारलं, "आजोबा, सोबत कोणी?"

"नाही."

"आहेत की," बाई म्हणाली. "अहो, जा त्यांच्याबरोबर. इथे बसून माझं डोकंच ढवळाल."