रुआनबाईंचा खरा प्रश्न

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष डॉक्टर स्युए, मंचावरील मान्यवर, माझे सहकारी, आणि आपल्या माणसाचा हात धरून या सभागृहात बसलेले सर्व कुटुंबीयहो, सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

रुआन सूचिन आज परिचारिका म्हणून निवृत्त होत आहेत. त्यांच्याबरोबर मी या विस्मृती विभागात डॉक्टर म्हणून काम केलं. त्यांचं कौतुक करावं तर त्या डोळे वटारतात. (बघा, वटारलेच!) म्हणून घडलेलं तेवढं सांगतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घरच्यांचा आत्मविश्वास मोजायचा, असं काम आमच्याकडे आलं. परदेशातली प्रश्नावली भाषांतर करून घेतली. प्रत्येक काम आपल्याला किती जमेल, याला घरच्यांनी शून्य ते शंभर गुण द्यायचे. पहिलेच आले देंगकाका, छांगशा शहरातले जुने बसचालक. पत्नी लानयिंगकाकूंना हा आजार. काकांनी प्रत्येक प्रश्नाला शंभर दिले.

रुआनबाईंनी विचारलं, "सगळ्यालाच शंभर, काका?"

"अहो बाई, जन्मभर बस हाकली. एक बायको सांभाळता येणार नाही होय?"

त्याच आठवड्यात काकू दुपारी घरातून निघून गेल्या. काका संध्याकाळपर्यंत एकटेच वणवण फिरले. शेवटी त्या सापडल्या एका बसथांब्यावर, थंडीनं काकडत. काका म्हणाले, "चल घरी." काकू म्हणाल्या, "तुम्ही कोण? माझा नवरा आता बस घेऊन येईल."

दुसऱ्या दिवशी काका आले. "ते शंभर खोडा," म्हणाले. बाईंनी विचारलं, "सगळ्यात अवघड काय गेलं?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "शेजाऱ्याचं दार वाजवणं. वाजवलंच नाही मी. लोक काय म्हणतील?"

आता सांगा, आमच्या प्रश्नावलीत हे दार कुठे होतं? बाईंनी प्रश्नावली ठरवणाऱ्या समितीपुढे नवा प्रश्न ठेवला: 'मदत मागायला शेजारी जाऊ शकाल का?' एक प्राध्यापक म्हणाले, "मूळ प्रश्नावलीत हा नाही." बाई म्हणाल्या, "मूळ प्रश्नावलीत देंगकाकाही नाहीत." प्रश्न राहिला!

त्या प्रश्नाला काकांनी दहा गुण दिले. बाई तिथेच थांबल्या नाहीत. "नुसतं मोजून ठेवायचं, तर मोजायचं कशाला?" म्हणत त्या काकांना घेऊन शेजारच्या ताओ मावशींकडे गेल्या. मावशी दार उघडताच कडाडल्या, "देंगदादा, मला सगळं ठाऊक आहे हो! तुम्हीच कडी लावून बसता, मी काय भिंत फोडून येऊ?"

पुढे काकू पुन्हा निघाल्या, तेव्हा अख्खी गल्ली शोधायला धावली. वाफाळत्या शेवयांचा वाडगा निवायच्या आत त्या घरी होत्या. परवा काकांनी त्याच प्रश्नाला साठ गुण दिले. मंडळी, आमच्या सगळ्या तक्त्यांत मला तो साठचा आकडा सर्वांत भरवशाचा वाटतो.

आता एक गोष्ट बाईंची परवानगी न घेता सांगतो. त्यांच्या आईला हाच आजार झालाय, म्हणून त्या गावी चालल्या आहेत. काल मी भीतभीत विचारलं, "बाई, तुमचे गुण किती?"

"चाळीस," त्या म्हणाल्या. "म्हणून येत्या रविवारी तुम्ही यायचं, डॉक्टर. आईजवळ बसायचं. मला बाजारात जायचंय."

मी जाणार आहे. पुढच्या रविवारसाठी ताओ मावशींनी आधीच हात वर केलाय.

आपण आपुलकीनं ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि रुआनबाई, परवानगीशिवाय बोललो, त्याची शिक्षा रविवारी द्या.